झेंड्यानंतरच्या अरुणाबाई

९ ऑगस्ट १९४२ ची सकाळ आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पहाटेच गांधीजी आणि काँग्रेस कार्यकारिणी पकडली गेली होती. गोवालिया टँक मैदानावर पोलिसांचा वेढा होता आणि ठरलेले झेंडावंदन करायला नेता उरला नव्हता. तेव्हा एक तेहतीस वर्षांची बाई पुढे झाली, तिने तिरंगा चढवला आणि पाठोपाठ अश्रुधूर सुटला. पाठ्यपुस्तकातल्या अरुणा असफअली तिथेच संपतात. प्रत्यक्षात त्यानंतर त्या आणखी चोपन्न वर्षे जगल्या. त्या काळात त्यांनी साडेतीन वर्षे भूमिगत काढली, चार राजकीय घरे बदलली, दिल्लीचे महापौरपद भूषवले, एक साप्ताहिक आणि एक दैनिक चालवले, आणि २९ जुलै १९९६ रोजी त्या गेल्या. त्यांच्या चरित्राचे हे पुस्तक त्या चोपन्न वर्षांचे आहे, म्हणूनच ते मराठीत यायला हवे होते.

त्यातही ते सातारा-सांगलीच्या वाचकाच्या हाती पडावे असे मला फार वाटते. कालका इथे बंगाली कुटुंबात जन्मलेल्या, दिल्लीत संसार केलेल्या बाईचा कृष्णाकाठाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो नात्यागोत्याचा नसून प्रश्नाचा आहे. राज्य कोणी चालवायचे, वरून नेमलेल्याने की खालून निवडलेल्याने, हा प्रश्न १९४२ नंतर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी पुढे आला. अविभाजित सातारा जिल्ह्यातल्या लोकांनी १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालवून त्याला उत्तर दिले. अरुणाबाईंनी तो प्रश्न आधी बंडखोर म्हणून आणि मग महापौर म्हणून अंगावर घेतला. आमच्या भागाने जे सुरू केले ते पुढे कुठे अडले, हे त्यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते.

आधी माणूस पाहू. अरुणा गांगुली यांचा जन्म १६ जुलै १९०९ चा. लाहोर आणि नैनितालच्या मिशनरी शाळांत शिक्षण झाले, मग कलकत्त्यात गोखले मेमोरिअल शाळेत शिक्षिकेची नोकरी. १९२८ मध्ये त्यांनी बॅरिस्टर असफअलींशी लग्न केले. नवरा मुसलमान, शिवाय वीसहून अधिक वर्षांनी मोठा. घरच्यांचा विरोध होता, आणि तो त्यांनी जुमानला नाही. हेच असफअली पुढच्या वर्षी असेंब्ली बॉम्ब खटल्यात भगतसिंगांच्या बाजूने उभे राहिलेले वकील. म्हणजे राजकारण या घरात पाहुणे म्हणून आले नव्हते, ते मुक्कामालाच होते. तरीही नवऱ्यामुळे बाई राजकारणात आली, हा आपल्याकडचा ठरलेला हिशेब इथे लागू पडत नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्या स्वतःच्या पायांनी तुरुंगात गेल्या. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर इतर सत्याग्रही सुटले, तरी सरकारने त्यांना सोडले नाही. त्यांच्याबरोबरच्या स्त्री कैद्यांनी त्यांच्याशिवाय बाहेर पडायला नकार दिला आणि बाहेर लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे दार उघडले. १९३२ मध्ये दिल्लीच्या तुरुंगात राजकीय कैद्यांच्या वागणुकीवरून त्यांनी उपोषण केले. कैद्यांची स्थिती सुधारली, पण त्यांना स्वतःला अंबाल्याला हलवून एकांतकोठडीत टाकले गेले. इतरांची सोय झाली आणि किंमत आपण मोजली, असा हा पहिला प्रसंग. शेवटचा नव्हे.

ऑगस्ट १९४२ नंतर त्या भूमिगत झाल्या. सरकारने त्यांची मालमत्ता जप्त करून विकून टाकली आणि पकडून देणाऱ्याला पाच हजार रुपयांचे बक्षीस लावले. राममनोहर लोहियांबरोबर त्या ‘इन्किलाब’ हे मासिक काढत होत्या. हिंसा की अहिंसा या वादात वेळ न घालवता तरुणांनी लढ्यात उतरावे, असे त्यातून त्या सांगत. भूमिगत चळवळीच्या त्या वर्तुळात जयप्रकाश नारायण, लोहिया, सुचेता कृपलानी आणि अच्युतराव पटवर्धन होते. सातारच्या वाचकाला या शेवटच्या नावाची ओळख करून द्यायला नको. अच्युतराव साताऱ्याच्या भूमिगत चळवळीचे सल्लागार आणि आधार होते, आणि त्यांच्यामार्फत दिल्ली-मुंबईची ही मंडळी आणि आपली खेडी एकाच लढ्यात जोडली गेली होती.

त्या खेड्यांत तेव्हा काय चालले होते? ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळी चालली, त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे नेण्याचा मार्ग तिथे संपला. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले ते वेगळेच काही. न्यायदान मंडळे बसली, कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाडांची तुफान सेना तयार झाली, दारूभट्ट्या बंद पडल्या, सावकारांना आणि गुंडांना वेसण बसली, कमी खर्चाची गांधी-लग्ने लागू लागली. १९४३ च्या जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. सरकार मोडणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम, म्हणजे सरकार चालवणे, इथे शेतकऱ्यांनी करून दाखवले.

या कामात बायका होत्या, आणि भाकऱ्या पोचवण्यापुरत्या नव्हत्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग वठवले. पोलीस ते भांडण सोडवायला धावले आणि साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. इंदोलीच्या इंदुमती निकम, म्हणजे पुढच्या इंदूताई पाटणकर, शाळकरी वयात घर सोडून चळवळीत आल्या. राजमती बिरनाळे यांच्यासारख्या मुली शहरातून उतरल्या. अरुणाबाई या साऱ्यांच्या पुढारी नव्हत्या. त्या त्यांच्याच पिढीच्या, त्यांच्याच जातकुळीच्या कार्यकर्त्या होत्या. फरक इतकाच की त्यांचे नाव देशभर झाले आणि आमच्या बायकांची नावे तालुक्याच्या हद्दीत राहिली.

या पुस्तकातला एक प्रसंग वाचकाने थांबून वाचावा. १९४४ च्या जूनमध्ये गांधीजींनी अरुणाबाईंना पत्र लिहिले. त्यांच्या धैर्याचे कौतुक केले, प्रकृती ढासळल्याचे ऐकून काळजी व्यक्त केली आणि आता बाहेर येऊन स्वतःला सरकारच्या हवाली करा, बक्षिसाची रक्कम हरिजन कार्याला द्या, असे सुचवले. गांधीजींचा शब्द म्हणजे त्या काळात आज्ञाच. अरुणाबाईंनी ते पत्र जपून ठेवले आणि सल्ला मानला नाही. २६ जानेवारी १९४६ रोजी वॉरंट रद्द झाले, तेव्हाच त्या बाहेर आल्या. साताऱ्यातही हाच पेच होता. गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचे आवाहन केल्यावर इथल्या अनेकांनी ते ऐकले नाही, आणि त्यांच्या घरात गांधीजींची तसबीर मात्र भिंतीवर तशीच राहिली. आदर आणि आज्ञापालन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्या पिढीला उमगले होते.

बाहेर येऊन महिना होतो न होतो तोच मुंबईत नौसैनिकांचे बंड झाले. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदल तळावर संप सुरू झाला आणि तो बंदरभर पसरला. सरदार पटेलांनी खलाशांना शरण जाण्याचा सल्ला दिला. अरुणाबाई खलाशांच्या बाजूने उभ्या राहिल्या. हिंदू आणि मुसलमान सनदशीर वाटाघाटींपेक्षा रस्त्यावरच्या लढ्यात अधिक सहज एक होतील, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यांना उघड उत्तर दिले. लढणारे नेहमीच मोर्चावर राहत नाहीत, शेवटी त्यांना सनदशीर आयुष्यातच यावे लागते, असा त्या उत्तराचा रोख होता. फाळणीच्या रक्तपाताकडे पाहिले की अरुणाबाईंचे म्हणणे आठवून हळहळ वाटते. पण गांधीजींच्या उत्तरातला प्रश्नही टळत नाही. मोर्चा संपल्यावर काय? बारा वर्षांनी हाच प्रश्न त्यांच्यासमोर महापौराच्या खुर्चीच्या रूपाने आला.

मधली वाट वळणांची आहे. १९४७ मध्ये त्या दिल्ली प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. १९४८ च्या मार्चमध्ये आपल्या नाशिकमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला, आणि अरुणाबाई समाजवादी पक्षात गेल्या. तिथेही त्यांचे मन रमले नाही. डाव्या समाजवाद्यांचा वेगळा गट झाला आणि त्या वाटेने त्या कम्युनिस्ट पक्षात पोचल्या. १९५४ मध्ये भारतीय महिला फेडरेशनच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. कामगार संघटनांचे काम चालू होतेच. १९५६ मध्ये क्रुश्चेव्हने स्टालिनच्या राजवटीचा पंचनामा केल्यावर त्यांनी कम्युनिस्ट पक्षही सोडला. याच दरम्यान, १९५३ मध्ये, असफअली परदेशात वारले होते.

एका वाचकाला ही धरसोड वाटेल. सातारा-सांगलीच्या वाचकाला तशी वाटू नये, कारण प्रतिसरकारची माणसेही स्वातंत्र्यानंतर अशीच पांगली. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा काँग्रेसमध्ये राहिले आणि मुख्यमंत्री झाले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्टांकडे गेले आणि १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. कासेगावच्या बाबूजी आणि इंदूताई पाटणकरांनीही समाजवाद्यांकडून कम्युनिस्टांकडे तोच प्रवास केला. १९५२ मध्ये बाबूजींची हत्या झाली, आणि पदरी लहान मूल असताना इंदूताईंनी काम थांबवले नाही. पुढे परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न घेऊन त्या आणि त्यांच्या सहकारी याच दोन जिल्ह्यांत लढल्या. या माणसांनी पक्ष बदलले, कारण स्वातंत्र्याबरोबर जे मिळेल असे त्यांना वाटले होते ते कोणत्याच एका पक्षाच्या दारात तयार ठेवलेले नव्हते. ज्याला पद हवे असते तो सत्तेकडे जाणारा पक्ष धरतो. अरुणाबाई बहुतेक वेळा सत्तेपासून दूर जाणाऱ्या दिशेने निघाल्या, एवढे नोंदवून ठेवावे.

आता १९५८. दिल्लीची अवस्था काय होती हे समजल्याशिवाय त्या पदाचे वजन कळत नाही. १९४१ मध्ये सुमारे नऊ लाख असलेली दिल्लीची वस्ती फाळणीच्या निर्वासितांमुळे १९५१ मध्ये सतरा लाखांवर गेली होती आणि वाढतच होती. १९५५ च्या डिसेंबरात काविळीची भयंकर साथ आली. नजफगडच्या नाल्याचे घाण पाणी वजिराबादला यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले, आणि काही आठवड्यांत एकोणतीस हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात त्या साथीचा दाखला आजही दिला जातो. शहराचा कारभार तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या स्थानिक संस्थांकडे होता, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. त्यातच १९५६ मध्ये दिल्लीची विधानसभा रद्द झाली. मग संसदेने १९५७ चा महापालिका कायदा केला, विखुरलेल्या संस्था एकत्र केल्या, पाणी आणि मैला, वीज, बससेवा हे तिन्ही उपक्रम महापालिकेखाली आणले आणि ७ एप्रिल १९५८ रोजी दिल्ली महानगरपालिका अस्तित्वात आली. निवडणुकीत कोणा एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही. कोणत्याच पक्षाच्या चौकटीत न बसणारी, पण सगळ्यांना ठाऊक असलेली बाई महापौर झाली. काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांच्या पाठिंब्यावर उभे असलेले ते पद होते.

मुंबईत १९५६ मध्ये सुलोचना मोदी महापौर झाल्या होत्या, मद्रासला तारा चेरियन झाल्या होत्या. म्हणजे महापौरपदावर बाई ही गोष्ट अगदीच नवी नव्हती. पण देशाच्या राजधानीत, नव्याने जन्मलेल्या महापालिकेत, वॉरंट चुकवत वर्षे काढलेल्या बाईने सभागृहाच्या अध्यक्षस्थानी बसणे, याला वेगळा अर्थ होता. राखीव जागेचा तेव्हा प्रश्नच नव्हता. आज दिल्लीत पाच वर्षांतले पहिले महापौरपद महिलेसाठी राखून ठेवलेले असते. १९५८ मध्ये ते राखीव नसतानाही पहिल्या महापौर बाईच झाल्या.

पण कायदा उघडून पाहिला की उत्साह ओसरतो. महापौराची मुदत एक वर्षाची. महापौराने सभेचे अध्यक्षस्थान घ्यायचे, चर्चा चालवायची, शहराचे मानकरी म्हणून पाहुण्यांचे स्वागत करायचे. कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमणार केंद्र सरकार. घर आपल्या नावावर आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही व्यवस्था. ब्रिटिशांनी मुंबईत १८८८ च्या कायद्याने बसवलेला साचा स्वतंत्र भारताने दिल्लीत पुन्हा वापरला. सगळा देश खालून उभा राहावा म्हणून भूमिगत राहिलेल्या बाईला स्वातंत्र्याच्या अकराव्या वर्षी मिळाले ते वरून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या शेजारचे आसन. कुंडलच्या न्यायदान मंडळाकडे कायद्याची मान्यता नव्हती, पण त्याचा निवाडा अमलात येत असे. दिल्लीच्या टाउन हॉलमधल्या महापौराला कायद्याची पूर्ण मान्यता होती, पण तिच्या शब्दाची अंमलबजावणी दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून होती. या दोन टोकांमध्ये स्वतंत्र भारताच्या स्थानिक स्वराज्याची सगळी कथा येते.

त्यांच्या चरित्रकारांना हे वर्ष आवरते घेण्याचा मोह होतो, कारण त्यात झेंडा नाही, वॉरंट नाही, पाठलाग नाही. मला तेच वर्ष त्यांच्या कारकिर्दीचा कस लावणारे वाटते. बंडखोर माणसाला पद मिळाले की दोनपैकी एक होते. तो पदाला चिकटतो किंवा पदाला तुच्छ लेखून निघून जातो. अरुणाबाईंनी पद स्वीकारले, चालवले, आणि ते सोडल्यावर त्याच्या आधारावर वरच्या पदाची शिडी लावली नाही. संसदेत त्या कधी गेल्या नाहीत. १९५८ मध्येच सुरू झालेले ‘लिंक’ साप्ताहिक आणि १९६३ मध्ये निघालेले ‘पॅट्रिअट’ दैनिक यांत पुढची वर्षे त्यांनी घातली. अधिकार नसलेल्या पदापेक्षा वाचक असलेल्या वर्तमानपत्राचा शासनावर अधिक परिणाम होतो, असे अनुभवाने ठरवले असेल तर त्यात नवल नाही. भूमिगत असतानाही त्यांच्या हाती मासिकच होते.

त्यांचे सगळेच निर्णय आपल्याला पटावेत असा आग्रह धरण्याचे कारण नाही. नेहरूंच्या निधनानंतर त्या काँग्रेसमध्ये परतल्या, तरी सक्रिय राजकारणात उतरल्या नाहीत. आणीबाणीबद्दल त्यांची नाराजी होती, पण इंदिरा गांधींशी असलेली जवळीक त्यांनी तोडली नाही. त्याच काळात मृणालताई गोरे आधी भूमिगत आणि मग तुरुंगात होत्या. ग्रामपंचायतीपासून सुरुवात करून मुंबई महापालिकेत पाण्यासाठी भांडलेली, विधानसभेत आणि लोकसभेत गेलेली ही आपली समाजवादी बाई अरुणाबाईंच्या १९४२ च्या वाटेवरून १९७५ मध्ये चालत होती, आणि अरुणाबाई स्वतः त्या वाटेवर नव्हत्या. हे लिहिताना संकोच वाटायला नको. मोठ्या माणसाचे चरित्र वाचायचे ते त्याची आरती करायला नव्हे. सोव्हिएत रशियाबद्दलची त्यांची आस्था, १९६४ चा लेनिन शांतता पुरस्कार, मग १९९१ चा नेहरू पुरस्कार, १९९२ मधले पद्मविभूषण आणि मृत्यूनंतर १९९७ मध्ये आलेले भारतरत्न, हे सारे एकाच माणसाच्या वाट्याला आले. त्यातला एकच तुकडा उचलून बाकीचा लपवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

मग आज, इथे, या पुस्तकाचा उपयोग काय? दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. महापौरपदावर, नगराध्यक्षपदावर, सरपंचपदावर बायका बसल्या, आणि यापुढेही बसतील. हौसाताई आणि इंदूताईंच्या पिढीला हे पाहून समाधान वाटले असेल. पण प्रश्नाचा दुसरा भाग तसाच आहे. महापालिकेत सभागृहाने ठराव करायचा आणि आयुक्ताने अंमलबजावणी करायची, ही १८८८ ची रचना आजही चालू आहे. २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले तेव्हा लोकांनी दार ठोठावले ते नगरसेवकाचे, आणि यंत्रणा हलवण्याचे अधिकार होते प्रशासनाकडे. बाईला खुर्ची द्यायला आपण आता तयार झालो आहोत. खुर्चीला अधिकार द्यायला मात्र अजून तयार नाही, आणि खुर्चीत बाई असली की तो अधिकार घरातल्या पुरुषाकडे सरकतो, ही आणखी वेगळी अडचण.

म्हणून नव्याने निवडून आलेल्या प्रत्येक नगरसेविकेने हे पुस्तक वाचावे, आणि १९४२ च्या प्रकरणापेक्षा १९५८ च्या प्रकरणाला अधिक वेळ द्यावा. धाडस कसे करावे हे सातारा-सांगलीच्या बायकांना बाहेरून शिकण्याची गरज नाही. ते त्यांच्या आज्या-पणज्यांनी करून ठेवले आहे. निवडून आल्यानंतर हातात नेमके काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते मिळवण्यासाठी कायद्याशी कसे भांडायचे, हे अजून शिकायचे आहे. अरुणाबाईंना ते भांडण पुरे करता आले नाही. त्यांच्याकडे एकच वर्ष होते. आजच्या नगरसेविकेकडे पाच वर्षे आहेत, पुरुषांच्या बरोबरीने बसलेल्या तितक्याच बायका आहेत, आणि आपल्याच मातीत एकदा शेतकऱ्यांनी सरकार चालवून दाखवल्याचा दाखला आहे. एवढे भांडवल अरुणाबाईंकडेही नव्हते.